मिशन-व्हिजन आधी लिहावं की धंद्याची दिशा आधी ठरवावी?

तुम्ही विचारलंय की छोटा अन्नप्रक्रिया उद्योग सुरू करताय, सल्लागार म्हणतो आधी मिशन (धंदा कशासाठी करायचा) आणि व्हिजन (पुढे कुठे पोहोचायचं) लिहा, मग स्ट्रॅटेजी, म्हणजे धंद्याची दिशा. तर त्या वाक्यांचा खरंच उपयोग असतो का?

असतो. पण ज्या वाक्यामुळे तुम्हाला हातातली एखादी ऑर्डर सोडावी लागते, त्याच वाक्याचा. बाकीची लिहूच नका. हे मी आमच्या घरात घडलेल्या गोष्टीवरून सांगतोय.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचा काजूचा कारखाना आहे. दोन शेड, एक बॉयलर, सुकवायची भट्टी आणि बिया फोडणाऱ्या, साल काढणाऱ्या चौदा बायका. भाई, म्हणजे माझा थोरला भाऊ, आधी यात नव्हता. खनिज वाहतुकीत त्याचे तीन ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, हप्ते काही थांबले नाहीत. मग तो कारखान्यात आला. कर्ज वाढवून घ्यायचं होतं, म्हणून बँकेच्या फाइलसाठी एका सल्लागाराकडून लिहून घेतलं: 'गुणवत्ता, विश्वास आणि ग्राहकसमाधान यांच्या बळावर गोव्यातील अग्रगण्य काजू उद्योग बनणे.' त्याची ॲक्रिलिकची पाटी करून काउंटरच्या मागे लावली. या वाक्यातला काजू काढून फरसाण घाला, फर्निचर घाला, वाक्याला काही होत नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चार वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, किनारपट्टीतल्या दुकानांना माल पुरवणाऱ्या एका माणसाने ४०० किलोची ऑर्डर आणली. दर बराच खाली. गावठी बी घेऊन तो दर परवडणं शक्य नव्हतं. साधारण चार किलो बियांमागे एक किलो गर हातात येतो, म्हणजे बीला किलोमागे दहा रुपये जास्त मोजले की नुसता कच्चा मालच गराच्या किलोला चाळीस रुपयांनी चढतो. भाईने आफ्रिकेची बी उचलली. मी म्हटलं, आणलीस ते ठीक, पण पाकीट वेगळं कर, आपल्या नावावर घालू नको. तो पाटीकडे हात करून म्हणाला, "अग्रगण्य व्हायचंय ना? मग ४०० किलो परत पाठवून कसे होणार?" मी 'विश्वास' या शब्दावर बोट ठेवलं. एकाच पाटीतून दोघांना आपापल्या सोयीचं मिळालं, आणि आवाज त्याचा मोठा होता. माल मिसळला गेला.

म्हापशाच्या एक निवृत्त शिक्षिका दर चतुर्थीला आणि दिवाळीला आमच्याकडून पाच किलो नेतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्या दिवाळीला त्यांनी पाकीट काउंटरवरच फोडलं, एक काजू नखाने मधोमध उकलला, अर्धा तोंडात टाकला, सावकाश चावला. उरलेला अर्धा माझ्यासमोर काचेवर ठेवला. "हे आपले नव्हेत," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घडी करून गेल्या. मी तो अर्धा काजू रात्रीपर्यंत तिथून हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी काढली. वहीच्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं: 'डिचोली-सत्तरीच्या बियांचेच काजू करायचे. बी संपली की त्या वर्षाची विक्री संपली.' भाई म्हणाला, हा धंदा नव्हे, हट्ट आहे. वर्षभरात आम्ही वेगळे झालो. त्याने हमरस्त्यावर सुक्या मेव्याचं आणि मसाल्याचं दुकान काढलं, कारखाना माझ्याकडे राहिला.

हार्वर्डचा व्यवस्थापन-अभ्यासक मायकेल पोर्टर याने १९८० साली मांडलेले मार्ग तुम्हाला सल्लागार सांगेलच: खर्चात सगळ्यांच्या खाली जा, नाहीतर वेगळं काही द्या, नाहीतर ठरावीक गिऱ्हाईक धरा; मध्येच लटकलात तर संपलात. १९९६ मध्ये त्यानेच लिहिलं की काय करायचं नाही हे निवडणं हाच स्ट्रॅटेजीचा गाभा. मिसळलेलं पाकीट म्हणजे ते मध्येच लटकणं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामींनी ११ खाटांवर सुरू केलं, ध्येय एकच, टाळता येण्याजोगं अंधत्व घालवायचं. मग गरिबाला परत पाठवता येत नाही, म्हणून शस्त्रक्रियांची संख्या प्रचंड वाढवावी लागते, खर्च उतरवावा लागतो, आणि १९९२ पासून डोळ्यात बसवायची भिंगंसुद्धा स्वतः बनवावी लागतात. वाक्य असं असावं.

म्हणून क्रम माझ्या मते उलटा. वर्षभर माल विका, कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणताना जीव तुटतो आणि तरी म्हणता, ते बघा. ते झालं मिशन. व्हिजनचं दहा वर्षांनी बघता येईल.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गावठी बी मार्च ते मे या तीन महिन्यांतच मिळते, म्हणजे वर्षभराचे पैसे तेव्हाच अडकवावे लागतात. फेब्रुवारीत अवेळी पाऊस पडून मोहोर गळला की मी अडकलो. आफ्रिकेची बी घेणाऱ्याचं तसं नाही, टांझानियाचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. एकाच गोष्टीवर विसंबू नये हे भाई ट्रक दारात उभे बघून शिकला होता, आणि त्याची ती भीती खरी होती. तुमच्याकडे एक वाईट हंगाम सोसण्याइतकी शिल्लक नसेल तर माझं ऐकू नका. तसंच कर्ज हवं असेल तर फाइलसाठी हवं ते वाक्य लिहा, फक्त भिंतीवर लावू नका.

२०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गोव्याचा काजू हे नाव इथल्याच मालाला लावता येतं. त्या दिवशी मी भाईला फोन केला. तो म्हणाला, तू सोडलेल्या ४०० किलोसारख्या ऑर्डरी त्या मानांकनाने परत येणार आहेत का? नाही येणार. पण बाई दोन वर्षांनी परत आल्या, आणि आता चतुर्थीचे पाच किलो त्या माझ्याच काउंटरवरून नेतात. भाईचं दुकान त्यांच्या वाटेवर आहे, तरी.