ताळेबंद जुळला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही: बारावीच्या बीकेच्या (पुस्तपालन व लेखाकर्माच्या) सराव पेपरांविषयी एक पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पूर्वपरीक्षा झाली, बोर्डाच्या पेपरला काही आठवडेच उरलेत, आणि आता रोज एक सराव पेपर सोडवायचा असं तू ठरवलं आहेस. उत्साह चांगला आहे, पण रोज एक नको. पुस्तपालन व लेखाकर्माचा पेपर तीन तासांचा. तो नीट तपासून, चुका शोधून, राहिलेली गणितं पूर्ण करायला आणखी तीन तास तरी लागतात. बाकीचे विषय सांभाळून रोज सहा तास तुला मिळणार नाहीत. मग तपासणी मागे पडेल आणि त्याच चुका दहा पेपरांत दहा वेळा होतील. आठवड्याला दोन पेपर घे. एक रविवारी, एक मधल्या वारी, आणि दोन्हींच्या दुसऱ्या दिवशी फक्त तपासणी.

आधी पेपर निवडायचे कसे ते बघ. नवं पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आलं. २०२१ ची परीक्षा करोनामुळे रद्द झाली. २०२२ चा पेपर झाला तो ७५ टक्के अभ्यासक्रमावर, आणि त्याला अर्धा तास जादा होता. त्यामुळे त्या पेपरवर स्वतःचा वेग मोजू नकोस, त्यातली गणितं मात्र खुशाल कर. पूर्ण अभ्यासक्रमाचे पेपर २०२३ पासूनचे. फेब्रुवारी-मार्चच्या पेपरांबरोबर पुरवणी परीक्षेचेही मिळव, ते बहुतेक जण बघतच नाहीत. २०२० पर्यंतचे पेपर पूर्ण सोडवू नकोस, कारण मांडणी आणि धडे बदललेत. भागीदारीची अंतिम खाती, नव्या भागीदाराचा प्रवेश, भागीदारीचं विसर्जन, हुंड्या (ठरलेल्या तारखेला पैसे देण्याचे लेखी दस्त) यांची सुटी गणितं तेवढी त्यातून घे. सगळ्यात अलीकडचे बोर्डाचे दोन पेपर बाजूला ठेव आणि ते शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत उघडू नकोस. आधी नजरेखालून गेलेला पेपर पुन्हा सोडवला तर गुण वाढलेले दिसतात, पण ते आठवणीचे गुण असतात.

सोडवताना उत्तरांचं पुस्तक खोलीतसुद्धा नको. उत्तर शेजारी असलं की हात अडतो तिथे डोळा आपोआप तिकडे जातो. एक ओळ दिसली की वाटतं "हे तर मला येत होतं". येत नव्हतं, ओळखता आलं एवढंच. मोबाईलही बाहेर ठेव आणि आकडेमोड हातानेच कर. सकाळी अकराला बस, फुलस्केप कागद घे, प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू कर, रकाने पट्टीने आख. हे आखणं किरकोळ वाटतं, पण त्यात वेळ जातो. एकदा घड्याळ लावून कोरा ताळेबंद आणि तीन भागीदारांचं भांडवल खातं आखून बघ. पाच मिनिटं लागत असतील तर आठवडाभर रोज एकदा आख, म्हणजे वेळ निम्म्यावर येईल.

वेळेचा हिशेब असा. लेखी पेपर ८० गुणांचा, मिनिटं १८०. पहिली १० वाचायला आणि शेवटची १० पडताळणीला ठेवली की उरतात १६०. वस्तुनिष्ठ २० गुण ३० मिनिटांत संपव. मग ६० गुणांसाठी १३० मिनिटं राहतात. १२ गुणांच्या गणिताला २६, १० गुणांच्या गणिताला २१-२२ आणि ८ गुणांच्याला १७ मिनिटं. २०२३ पासून बोर्ड शेवटी १० मिनिटं वाढवून देतं, ती सरावात धरू नकोस. पेपरवर प्रत्येक गणितापुढे पेन्सिलीने सुरू आणि बंद करायची वेळ लिही, आणि वेळ संपली की अर्ध्या पानाची जागा सोडून पुढचा प्रश्न घे.

हे सांगायला सोपं, पाळायला अवघड आहे. कारण वेळ संपते तेव्हा बहुधा ताळेबंदात काही रुपयांचा फरक उरलेला असतो आणि तो सोडून उठवत नाही. पण विचार कर. व्यापार खातं, नफातोटा खातं, भांडवल खाती यांच्या नोंदींचे गुण तोवर मिळालेले असतात. फरक शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, तर हाती येतो फार तर एखादा गुण आणि जातं आठ गुणांचं आख्खं गणित. फरक शोधायचा, पण सगळे प्रश्न झाल्यावर.

शोधायचा कसा, त्याचीही रीत आहे. आधी फरकाची रक्कम समायोजनांत (गणिताखाली दिलेल्या जादा सूचनांत) आणि तेरीज पत्रकात (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीत) शोध. नेमकी तीच रक्कम सापडली तर त्या बाबीचा एकच परिणाम दिलेला असतो किंवा ती बाब राहून गेलेली असते. नाही सापडली तर फरकाचा निम्मा कर आणि ती रक्कम शोध. ती सापडली तर ती बाब चुकीच्या बाजूला गेली आहे, नावेऐवजी (डेबिट) जमेला (क्रेडिट) किंवा उलट. तिसरं, फरकाला ९ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झाली आहे, जसं ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले तर फरक ९०० चा. या तीन पायऱ्यांना तीन मिनिटं दे. तोवर सापडलं नाही तर सोडून दे.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ताळेबंद जुळला म्हणून गणितावर बरोबरची खूण करू नकोस. एक उदाहरण घे. ऋणको (ज्यांच्याकडून पैसे येणं आहे ते) ६०,०००, तेरीज पत्रकात बुडीत कर्ज १,००० आणि जुना संशयित कर्ज निधी (बुडू शकणाऱ्या येण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम) १,५००. समायोजनेत लिहिलंय: आणखी २,००० बुडीत धरा आणि ऋणकोंवर ५ टक्के निधी ठेवा. निधी काढायचा तो २,००० वजा केल्यानंतरच्या ५८,००० वर, म्हणजे २,९००. नफातोटा खात्याला जाणार १,००० अधिक २,००० अधिक २,९०० वजा १,५००, म्हणजे ४,४००. ताळेबंदात ऋणको ५५,१००. तू ६०,००० वरच ५ टक्के काढलेस तर निधी ३,००० होतो. नफा १०० ने कमी होतो, ऋणकोही १०० ने कमी होतात, आणि ताळेबंद अगदी सुखाने जुळतो! दोन्ही बाजूंना सारखीच चूक गेली की बेरीज काहीच बोलत नाही. म्हणून तपासताना ताळेबंदाच्या बेरजेवर थांबू नकोस. ढोबळ नफा, निव्वळ नफा, प्रत्येक भागीदाराची भांडवल शिल्लक आणि मग ताळेबंद, असे चार आकडे उत्तराशी ताडून बघ. पहिला जो आकडा वेगळा निघेल, चूक त्याच्या आधी आहे.

घसाऱ्याचंही, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीचंही, तसंच. यंत्रसामग्री १,००,०००, त्यापैकी ४०,००० ची १ ऑक्टोबरला घेतलेली, घसारा १० टक्के, वर्ष ३१ मार्चला संपतं. बरोबर घसारा ६,००० अधिक २,०००, म्हणजे ८,०००. घाईत कुणी १०,००० धरतं, तर कुणी "त्यापैकी" न वाचता ४०,००० वेगळे समजून घसारा १२,००० धरतं. दोघांचाही ताळेबंद जुळतो.

तपासणी तीन फेऱ्यांत कर. पहिल्या फेरीत उत्तर न बघता, घड्याळ न लावता, राहिलेलं आणि शंका असलेलं हिरव्या पेनाने पूर्ण कर. यातून कळतं की वेळ कमी पडला की ज्ञान. दुसऱ्या फेरीत उत्तर उघडून नोंदीगणिक गुण दे, स्वतःला सूट नको. जिथे आकडेमोडीची टीप मागितली असते आणि तू फक्त उत्तर लिहिलंस, तिथे गुण काप. तिसऱ्या फेरीत प्रत्येक चूक एका वेगळ्या वहीत उतरव. त्या वहीत चार रकाने आख: गणित कोणतं, मी काय केलं, काय करायला हवं होतं, आणि चूक कोणत्या जातीची. जाती चारच धर. समजलंच नव्हतं, नीट वाचलं नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही. "सिली मिस्टेक" असं मात्र त्या वहीत कधी लिहू नकोस, त्या शब्दांनी चुकीचं कारण झाकलं जातं. "अदत्त (द्यायची राहिलेली) मजुरी तेरीज पत्रकातच होती, तरी मजुरीत मिळवली" असं लिही. तेरीज पत्रकातल्या बाबीचा परिणाम एकच, ती फक्त ताळेबंदात देणं म्हणून जाते. तीच अदत्त मजुरी समायोजनेत आली तर परिणाम दोन. हा फरक वहीत दोनदा लिहावा लागला, की तिसऱ्यांदा हात आपोआप थांबतो.

तीन-चार पेपरांनंतर वही वाचून बघ. "समजलंच नव्हतं" जास्त दिसलं, तर पेपर थांबव आणि त्या धड्यातली उदाहरणं पुन्हा कर. आणखी पेपर सोडवून न समजलेला धडा समजत नाही. "वाचलं नाही" जास्त असेल, तर प्रत्येक समायोजनेखाली रेघ मार आणि एक परिणाम दिला की एक खूण, दुसरा दिला की दुसरी. विमा उतरवलेला ८,००० चा माल जळाला आणि कंपनीने ५,००० चा दावा मान्य केला, तर खुणा तीन हव्यात: व्यापार खात्याच्या जमेला ८,०००, नफातोटा खात्याच्या नावे ३,०००, ताळेबंदात येणं ५,०००. इथे दोन खुणांवर थांबणारे खूप.

बाकी धड्यांत नेहमी अडकायला होतं त्या जागा थोडक्यात. हुंडीची मुदत मोजताना सवलतीचे तीन दिवस विसरू नकोस. २३ ऑक्टोबरची तीन महिन्यांची हुंडी २६ जानेवारीला पडते, ती सार्वजनिक सुट्टी, म्हणून देय तारीख २५ जानेवारी. हुंडी मुदतीआधी बँकेत वटवली तर कसर, म्हणजे बँक कापते ती रक्कम, उरलेल्या महिन्यांची काढायची. ३०,००० ची चार महिन्यांची हुंडी एका महिन्याने १२ टक्क्यांनी वटवली तर कसर तीन महिन्यांची, ९०० रुपये, १,२०० नव्हे. विसर्जनात रोख आणि बँक शिल्लक वसुली खात्याला (मालमत्ता विकून देणी फेडल्याच्या हिशेबाला) नेऊ नकोस, भागीदाराचं कर्जही नाही. ऋणको मात्र पूर्ण रकमेने नावे टाक आणि त्यांच्यावरचा निधी वेगळा जमा कर. प्रवेशाच्या गणितात आधी त्यागाचं प्रमाण (जुने भागीदार नफ्याचा किती वाटा सोडतात ते) काढून मगच नावलौकिकाच्या (गुडविलच्या) नोंदीला हात घाल. ना-नफा संस्थेच्या गणितात वर्गणी अशी: वर्षात मिळाले ४८,०००, त्यात मागच्या वर्षाचे २,००० आणि पुढच्या वर्षाचे १,५००, शिवाय यंदाचे ४,००० येणं बाकी. उत्पन्न-खर्च खात्याला ४८,५००. यातली एकही गोष्ट अवघड नाही, तरी तीन तासांच्या पेपरात दीड तासानंतर यांतलीच एखादी निसटते. म्हणूनच सुटी गणितं कितीही केलीस तरी पूर्ण पेपर हवाच.

खासगी पेपरसंचातली छापील उत्तरंही कधी कधी चुकीची असतात. तुझं आणि त्यांचं जुळत नसेल, तर पाठ्यपुस्तकातलं तशाच प्रकारचं सोडवलेलं उदाहरण काढून ताडून बघ. तरीही उलगडलं नाही तर प्रश्न आणि तुझी आकडेमोड घेऊन शिक्षकांकडे जा. नुसतं "उत्तर येत नाही" म्हणून जाऊ नकोस.

चुकलेलं गणित तपासणीच्या दिवशी पुन्हा करू नकोस, उत्तर ताजं असतं. तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर कर, आणि आणखी दहा दिवसांनी एकदा. दोन्ही वेळा बरोबर आलं की वहीतल्या त्या ओळीवर रेघ मार.

शेवटच्या आठवड्यात राखून ठेवलेल्या दोन पेपरांपैकी दुसरा, परीक्षेच्या चार दिवस आधी. त्यानंतर पूर्ण पेपर नको. रोज एक अंतिम खात्यांचं गणित, वस्तुनिष्ठचे वीस प्रश्न, आणि वहीतल्या रेघ न मारलेल्या ओळी. आदल्या संध्याकाळी दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि प्रवेशपत्र एकत्र ठेव, आणि वही दप्तरात टाकण्याआधी समायोजनांचं पान एकदा वाच.

पहिल्या दोन पेपरांची तपासणी झाली की ती वही मला दाखव. गुण किती पडले ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

कळावे.