वीस तारखेचा लॅपटॉप

म्हापसा, शुक्रवार रात्र

प्रिय बाय,

डिचोलीत स्वतःचं हिशेब आणि जीएसटीचं काम सुरू करायला तू काढलेली लॅपटॉपची तिन्ही कोटेशनं सकाळीच मिळाली. पण आज शुक्रवार. बाजाराला आलेला प्रत्येक पक्षकार आपल्या पिशव्या माझ्या टेबलाखाली ठेवतो आणि ‘आलेच हं’ म्हणून गायब होतो, हे तू माझ्या ऑफिसात काम करताना चार वर्षं पाहिलंयस. कुणाच्या तरी हरमलच्या मिरच्या अजून इथेच पडल्यात. ऑफिस बंद करून आत्ता निवांत बसलेय, म्हणून फोनवर चार ओळी टाइप करण्याऐवजी सरळ पत्रच लिहिते.

३८ हजारांचा, बॅग आणि माउस फुकट. ७४ हजारांचा, फुकट काहीच नाही. आणि तो सव्वा लाखाचा चकचकीत, जो तुला खरं तर आवडलाय. तो तिसरा आधी बाजूला काढू. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल यांना त्यातलं काही लागत नाही. पोर्टल बसतं तेव्हा सव्वा लाखाच्या मशीनवरही तेच गोल फिरणारं चक्र दिसतं.

प्रश्न उरला पहिल्या दोघांचा. त्याआधी २०१८ च्या जुलैची हकिकत सांगते, तू तेव्हा ऑफिसात नव्हतीस. जीएसटी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्याकडे असाच एक स्वस्तातला लॅपटॉप होता, दीड वर्ष जुना. सतरा तारखेला सकाळी झाकण उघडलं आणि डाव्या कोपऱ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटलं काही अडकलंय, म्हणून थोडा जोर लावला. स्क्रीनच्या कडेची पट्टी फाकली, खालचं कव्हर फुगून वर आलं आणि पडदा काळा.

नंतर ते उघडलेलं मशीन मी दुकानात स्वतः पाहिलं, म्हणून सांगते. हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, पोलादाचा होता, अगदी शाबूत. पण तो ज्या स्क्रूंनी बसवलेला होता ते स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या बारक्या पितळी नटांत जात होते. ज्वारीच्या दाण्याएवढी नटं. हिंज हळूहळू घट्ट होत गेला, रोज झाकण उघडताना ताण पडत राहिला तो त्या प्लास्टिकवर, आणि एक दिवस नटंच उपटून बाहेर आली. जाताना स्क्रीनची केबल तोडून गेली. कंपन्या-ऑफिसांसाठी बनवलेल्या ‘बिझनेस’ लॅपटॉपांत बहुधा हाच हिंज धातूच्या फ्रेमला धरलेला असतो. कोटेशनमध्ये दोन्हीकडे ‘१४ इंची, १८० अंशात उघडतो’ एवढंच लिहितील. किमतीतला फरक जातो तो असल्या न दिसणाऱ्या जागी.

वॉरंटी होती, नाही असं नाही. पण ती ‘कॅरी-इन’. म्हणजे पावसात मशीन छातीशी धरून मी पणजीला जायचं. तिथे सांगितलं, पार्ट मागवावा लागेल, आणि शिवाय हे ‘फिजिकल डॅमेज’ आहे, वॉरंटीत बसतं की नाही ते वरून विचारावं लागेल. अकरा दिवस लागले. मी भाच्याचा लॅपटॉप उसना आणला. टॅलीचं लायसन्स मेलेल्या मशीनवर अडकलेलं, ते सोडवून दुसरीकडे चालू करण्यात एक दिवस गेला. कंपन्यांची रिटर्न डिजिटल सिग्नेचरशिवाय जात नाहीत, ती सही ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते त्याचा ड्रायव्हर भाच्याच्या मशीनवर बसेना, त्यात दुसरा दिवस. रिटर्न भरायची वीस तारीख टळली. नऊ पक्षकारांची थ्री-बी, म्हणजे महिन्याची जीएसटी रिटर्न, चार दिवस उशिरा गेली. दिवसाला पन्नास रुपये प्रमाणे अठराशे रुपये लेट फी मी खिशातून भरली, वर ज्यांचा कर थकला त्यांचं १८ टक्के दराने चार दिवसांचं व्याज. रक्कम किरकोळ आहे. पण त्यातला एकजण पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याकडे गेला. काही बोलला नाही, फक्त फाइल मागायला मुलाला पाठवलं. अजून बाजारात भेटला की तो हसतो आणि मला ते हसणं टोचतं.

म्हणून मशीन घेताना मी एकच गोष्ट विचारते. अठरा तारखेला हे बंद पडलं, तर एकोणीसला माझ्या टेबलाशी कोण येईल?

डिचोलीत बसणार आहेस, तर हे तुला माझ्याहून जास्त लागू. ‘ऑनसाइट वॉरंटी’ असं दुकानदार म्हणाला म्हणून मान डोलवू नकोस. आपला पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः फोन कर: माणूस डिचोलीत येतो का, की पणजीपर्यंतच? ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ म्हणजे तक्रार नोंदवल्यापासून, की बिघाड कुठला ते फोनवर ठरल्यापासून? मशीनची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकच वर्षाची असते, तेही विचार. पाणी सांडलं, पडलं, फुटलं याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघ. दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी कधी कधी तिथेच निम्मी वितळलेली असते. बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ती लगेच केली तर.

आता हिशेब. ३८ हजारांचं मशीन फिरतीच्या वापरात तीन वर्षं धरलं तर दिवसाला पस्तीस रुपये पडतात. ७४ हजारांचं पाच वर्षं धरलं तर चाळीस-एक. फरक सहा रुपयांचा, पाववाल्या पोदेराच्या साधारण एका पावाएवढा. तीन आणि पाच हे माझ्या ऑफिसचे आकडे आहेत, शास्त्र नव्हे. बाहेरचा आकडा हवाच असेल तर अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये ३० हजार लॅपटॉपांचा हिशेब मांडला होता: तीन वर्षांत शंभरातले ३१ बिघडले, त्यात २० आपोआप आणि ११ पडून-सांडून. मशीनं आता बदललीत आणि कंपनी वॉरंटी विकणारी, हे लक्षात ठेवूनच वाच. तरी पडण्या-सांडण्याचा वाटा बघ केवढा आहे.

दुकानदार म्हणेल, ‘मॅडम, जीएसटी तर परत मिळतो.’ तू नोंदणी केलेली नाहीस, तुझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या खाली आहे, तुला क्रेडिट मिळणार नाही. ७४ हजारांतले अकरा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी हा तुझा खर्चच. हे तुला मी सांगायचं म्हणजे कमालच, पण खरेदीच्या दिवशी आपणही पक्षकार होतो. घसारा ४० टक्के मिळेल, आणि खरेदीच्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्याचा निम्मा. त्यासाठी मात्र घाईने घेऊ नकोस.

नावावरही जाऊ नकोस. थिंकपॅड म्हणजे टिकाऊ असं आपल्याकडे म्हणतात. आयबीएमने १९९२ मध्ये काढलेलं नाव, २००५ पासून लेनोवोकडे. पण त्याच नावात ई सिरीज आहे आणि टी सिरीज आहे, दोघींच्या बांधणीत फरक. डेलने तर २०२५ च्या सुरुवातीला लॅटिट्यूड हे नावच बंद करून ‘डेल प्रो’ आणलं, तेव्हा जुन्या नावाने मागशील तर दुकानदार जुना स्टॉक काढून देईल. एचपीत प्रोबुक, एलिटबुक बघ. या लाइनींचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर खुलं असतं: कुठला स्क्रू आधी काढायचा, कीबोर्ड कसा बदलायचा, सगळं. ते मिळालं की समज, हे मशीन दुरुस्त होईल या बेताने बांधलंय. कंपन्यांनी ती शेकड्यांनी घेतलेली असतात, त्यामुळे पाच वर्षांनीही बाजारात पार्ट मिळतो. ‘मिलिटरी ग्रेड ८१०’ या स्टिकरला फार भाव देऊ नकोस. चाचण्यांची ती पद्धत अमेरिकन सैन्याची खरी, पण त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी आपलं आपण ठरवते. सैन्य कुणाला सर्टिफिकेट देत नाही.

रॅम सोळा जीबी. आठवर टॅली, दोन एक्सेल आणि क्रोमच्या वीस टॅब चालवून बघ आणि मला फोन कर. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की पुढे वाढवायला स्लॉट मोकळा आहे, एवढं विचारून घे.

आणि आपली हवा. जूनपासून चार महिने भिंतीला घाम येतो, तिथे मशीनला नाही येणार? मी जपून ठेवलेला एक जुना मदरबोर्ड तुला दाखवीन, तांब्यावर देवघरातल्या समईसारखा हिरवा थर चढलाय. पावसाळ्यात लॅपटॉप आठवडाभर बॅगेत बंद करून ठेवू नकोस. रोज तासभर चालू असलेलं मशीन आपल्याच उष्णतेने सुकतं. आणि मेअखेर, ऑक्टोबरात गडगडायला लागलं की चार्जर काढ आणि लॅनची, म्हणजे इंटरनेटची, वायरही काढ. माझा एक बोर्ड वायरमधून आलेल्या विजेने गेलाय, प्लग मात्र मी शहाणपणाने काढलेला होता. यात ३८ आणि ७४ दोन्ही सारखेच जळतात.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध एक गोष्ट. आपल्या ऑफिसात दाराजवळच्या टेबलावरचा तो करडा लॅपटॉप आठवतो ना? सगळ्यात स्वस्त लाइनीतला, सहावं वर्ष लागलंय. कारण तो टेबलावरून हललाच नाही, झाकण दिवसातून दोनदा उघडतं. तू एका जागी बसून काम करणार असतीस तर मी ३८ ला हो म्हटलं असतं आणि उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर घे म्हटलं असतं. पण तू कदंबाच्या बसने साखळी, वाळपई करणार, पक्षकारांच्या दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी मशीन उघडणार. तुझ्यासाठी ७४ चाच.

७४ जमत नसतील, लाजू नकोस, तर चौथा रस्ता आहे, जो तुझ्या कोटेशनांत नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी बिझनेस मॉडेलं काढून टाकतात, ती रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, म्हणून निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मी नव्या स्वस्त मशीनपेक्षा असं जुनं दणकट मशीन घेईन. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्याखालच्या इंटेल प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. काही दुकानदार जबरदस्तीने बसवून देतात, ते नको. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लाव. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही येतात. ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घे. दुकानाची सहा महिन्यांची लेखी हमी बिलावर हवी, तोंडी नको.

यातलं काहीही घेतलंस तरी टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी दोन ठिकाणी, त्यातली एक जागा ऑफिसबाहेरची. आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर व तुझी कामाची सगळी सॉफ्टवेअरं एखाद्या दुसऱ्या मशीनवर आधीच बसवून, चालवून बघितलेली असू देत. माझा तो करडा लॅपटॉप त्यासाठी तुझाच समज. डिचोलीहून म्हापशाला यायला किती वेळ लागतो, तेवढाच तुझा खोळंबा.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा झाकण मधे न धरता एका कोपऱ्याला धरून सावकाश उघड. स्क्रीन पिळवटली किंवा खालचं कव्हर हिंजपाशी किंचित जरी उचललं गेलं, तर दुसरं बघ. तळहातावर जोर देऊन कीबोर्डाच्या मधोमध दाबून बघ, पापडासारखा लवतो का. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

घेतलंस की बिलाचा फोटो पाठव, आणि येताना या मिरच्या कुणाच्या ते आठवतंय का बघ. मला वाटतं शिवोलीच्या त्या हार्डवेअरवाल्याच्या असाव्यात.

तुझी
ताई