बालरोग वॉर्डातलं पोस्टिंग आवडलं, तर पुढे काय करायचं?

प्रश्न असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात बालरोग वॉर्डाचं पोस्टिंग सुरू झालं आणि पुढेही मुलांमध्येच काम करावंसं वाटू लागलं. ही आवड टिकेल का, आणि आत्तापासून काय करावं?

मुलं आवडतात यावरून ते कळत नाही. बरं होत आलेलं मूल वॉर्डात सगळ्यांनाच आवडतं. दोन मिली औषध तिसऱ्यांदा तपासायचा कंटाळा येतो का, आणि मूल किंचाळतंय, मागून आजी ओरडतेय, अशा वेळी हात स्थिर राहतो का, ते बघा. उरलेल्या पोस्टिंगमध्ये मुलांना खेळवण्यापेक्षा इनचार्ज सिस्टरकडून औषध मोजून देणं आणि सुई लावणं ही दोन कामं मागून घ्या.

इथे प्रत्येक डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं, तर 8 किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम लागतं. सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असेल तर 5 मिली, 250 असेल तर 2.4 मिली, आणि 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त 1.2 मिली. तेच ड्रॉप्स सिरप समजून 5 मिली पाजले तर 500 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे चौपटीहून जास्त. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘5 मिली’ असेल तर पाजण्याआधी मिलिग्रॅम विचारून घ्या, बाटलीचं लेबल वाचा आणि लिहिलेलं वजन आजचं आहे का ते बघा. दुसरा घोळ ठिपक्याचा. ‘.5’ लिहिलं की ठिपका दिसत नाही आणि दहापट औषध जातं. 0.5 लिहायचं, 5.0 मात्र कधीच नाही, नुसतं 5.

सलाईनचं गणित त्यामानाने सोपं. दिवसाला पहिल्या 10 किलोला किलोमागे 100 मिली, पुढच्या 10 किलोला 50 मिली आणि त्यापुढे 20 मिली. 14 किलोच्या मुलाला 1200 मिली, म्हणजे तासाला 50. मायक्रो ड्रिप सेटचे (बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीचे) 60 थेंब म्हणजे 1 मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. (हा हिशेब तब्येत स्थिर असलेल्या मुलाचा, नवजात बाळाचा वेगळा असतो, आणि किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात.) ब्युरेटमध्ये, म्हणजे बाटलीखालच्या मापाच्या खुणा असलेल्या छोट्या नळकांड्यात, दोन तासांपुरतंच भरा. थेंब आवरणारा क्लॅम्प सैल झाला तरी अख्खी बाटली अंगात जाणार नाही.

लहानग्यांना बहुतेक वेळा 24 नंबरची पिवळी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लागते, अगदी छोट्या बाळाला 26 ची जांभळी. लावण्यापेक्षा टिकवणं अवघड. चिकटपट्टीखाली सुईची जागा झाकली गेली की सूज उशिरा कळते. जागा उघडी दिसू द्या आणि दर तासाला सूज, गारठा, पांढुरकेपणा बघा. दोनदा हुकलं की सुई सिनियरच्या हातात द्या. त्यात कमीपणा नाही.

श्वास मोजायचा तो मूल आईच्या मांडीवर शांत असताना, अंगाला हात लावण्याआधी, पूर्ण एक मिनिट. तान्ही बाळं मध्येच थांबून श्वास घेतात, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चुकतं. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 आला की लगेच कळवा. रडताना मोजलेला आकडा बाद.

आणि आईला बाहेर काढू नका. बाळाने किती वेळा शू केली, अंगावर किती वेळ प्यायलं, हे चार्टपेक्षा तिला नीट माहीत असतं. तिच्याशी बोलायचा वैताग येत असेल तर हे क्षेत्र खरंच जड जाईल.

एक लक्षात घ्या, ‘मुलांमध्ये काम’ हे एक काम नाही. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात काम मुख्यतः तापमान, दूध आणि संसर्ग टाळण्याचं. बाळ बोलतही नाही, खेळतही नाही. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात बदल दिवसादिवसाने दिसतो. मुलांच्या कर्करोग वॉर्डात तीच मुलं महिनोन्‌महिने भेटतात, आणि काही जातात. गप्पा मारणारी मुलं आवडत असतील तर नवजात कक्षात कंटाळाल.

नोकरीचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागलात की वॉर्ड प्रशासन ठरवतं आणि बदलतंही. मुलांमध्येच राहायचं असेल तर परळच्या वाडियासारखं फक्त मुलांचं रुग्णालय बरं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्यावर नवजात शुश्रूषेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. बालआरोग्य विषयात दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं तर बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेल्यांना आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. शिकवायचं नसेल तर एम.एस्सी.ची घाई करू नका, असं माझं मत. दोन वर्षं वॉर्डातच काढा.