विचारा, सांगतो : मुलाखतीआधी दुकानं फिर

प्रश्न : काका, मी यंदा मार्केटिंगमध्ये एमबीए केलं. पुण्यातल्या एका फरसाण-चिवड्याच्या कंपनीत मॅनेजमेंट ट्रेनीसाठी पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे. पुस्तकं पुन्हा वाचतेय, पण धास्ती जात नाही. इंग्रजी बोलताना अडखळते. शिवाय मला मार्केटिंग हवंय, सेल्स नको. तसं स्पष्ट सांगितलं तर चालेल का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण नोकरी तिथेच जाईल. असं मुळीच सांगू नकोस. खाण्यापिण्याच्या, साबण-तेलाच्या कंपन्या ट्रेनीला बहुधा आधी बाजारात सोडतात. सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर जायचं, ऑर्डर काढायची, दुकानदाराची बोलणी खायची. जाहिरात-बिहिरात मग. मी एरिया मॅनेजर असताना मुलाखतीत 'उन्हात फिरावं लागेल, चालेल ना?' हे चहा आल्यावर, सहज विचारल्यासारखं टाकायचो. 'हो' सगळेच म्हणायचे. मी चेहरा बघायचो. फिरणं खरंच नको असेल तर जाहिरात एजन्सीत अर्ज कर, त्यात कमीपणा काही नाही. पण या खुर्चीत बसून ते बोलू नकोस.

आता पुस्तक मीट. मार्केटिंगचे चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) तुला पाठ आहेत तसे समोरच्यालाही आहेत. वही घे आणि गावातली दहा दुकानं फिर. चारनंतर, दुकान नुकतंच उघडलेलं असताना जा. संध्याकाळच्या गर्दीत कोणी दारात उभं करणार नाही. आधी पाच-दहा रुपयांचं काहीतरी विकत घे, मग तोंड उघड.

काय बघायचं? कंपनीचा माल किती दुकानांत आहे ते पहिलं. समज, १० पैकी ४ दुकानांत सापडला. म्हणजे वितरण ४० टक्के. पण ती चार दुकानं एसटी स्टँडजवळची मोठी असतील आणि दहांत मिळून खपणाऱ्या फरसाणातलं ७० टक्के तिथेच खपत असेल, तर दुसऱ्या मापाने वितरण ७० टक्के. पहिल्याला न्युमरिक म्हणतात, दुसऱ्याला वेटेड. व्याख्या पाठ करून आलेले पुष्कळ असतात. 'सर, मी आमच्या गावात मोजून आले' म्हणणारी मुलगी क्वचित.

मग पुडी उलटी करून बघ. पॅकिंगची तारीख चार महिने जुनी असेल, तर माल हलत नाही किंवा डिस्ट्रिब्युटरने कोंबलाय. पाच रुपयांच्या पुड्यांची माळ कुठे टांगलीय, डोळ्यासमोर की मागच्या खिळ्याला? गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, की नुसतं 'पाचची शेव द्या' म्हणतं? खराब पुड्या कंपनी परत घेते का, हे विचारलंस की दुकानदार सुटेल. थांबवू नकोस, लिहून घे.

एक गोष्ट नक्की हुडक. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाचची पुडी चार रुपये सत्तर पैशांच्या आसपास विकायची तर सुट्ट्यांची बोंब. म्हणून दुसरा मार्ग, किंमत तीच ठेवून वजन वाढवायचं. तुझ्या कंपनीने काय केलं? दुकानदाराला विचार, त्याला जुने ग्रॅम आठवतात. मुलाखतीत हा विषय तूच काढलास, तर पुढची दहा मिनिटं तुझी.

हिशोबाचा एखादा खडा येतोच. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली, मार्जिन किती? भलेभले २५ सांगतात. २५ टक्के हा मार्कअप झाला, तो खरेदीच्या किमतीवर काढतात. मार्जिन विक्रीच्या किमतीवर काढतात, म्हणजे २०.

तुझ्या प्रोजेक्टवरही येतील. शंभर जणांचा सर्व्हे केला असशील आणि त्यातल्या ऐंशी हॉस्टेलच्या मैत्रिणी असतील, तर तसं सांगून टाक आणि निष्कर्ष तेवढ्यापुरताच आहे म्हण. रंगीत पाय चार्टला मुलाखत घेणारा भुलत नाही, तो 'कोणाला विचारलं?' एवढंच विचारतो.

इंग्रजीचं म्हणशील तर स्वतःची ओळख आणि प्रोजेक्ट, दोन्ही इंग्रजीत मोठ्याने म्हणून ये. पुढे अडलीस तर 'मराठीत सांगू का?' असं विचार. महाराष्ट्रात फरसाण विकणाऱ्याला त्याचं वावडं नसावं. शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणतील तेव्हा गप्प बसू नकोस. पहिलं वर्ष कुठल्या भागात, कोणाच्या हाताखाली, हे विचार.

प्रश्न : मुलाखतीत समोरचं पेन उचलून 'हे मला विका' म्हणाले तर? मागच्या वेळी मी पेनाचे गुण सांगत सुटलो आणि ते हसले.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हसले कारण तुम्ही गिऱ्हाइकाला काही विचारलंच नाही. दिवसाला किती सह्या करता, सध्याचं पेन कुठलं, त्यात काय खटकतं? दोन-तीन प्रश्न टाका, उत्तर येऊ द्या आणि त्यातला एकच धागा धरून बोला. किंमत सांगा, 'किती देऊ?' विचारा आणि गप्प बसा.