कोल्हापुरात परिवीक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसरचं) नेमकं काम काय असतं?

चौकशी अहवाल आणि देखरेख. पद महिला व बालविकास विभागाचं, पोलिसांचं नव्हे. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगावं, नाहीतर कुणी तोंड उघडत नाही.

विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं १८ वर्षांखालचं मूल, बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर झालं की १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. मुदत हुकते ती बहुधा पत्त्यापायी. इचलकरंजीत यंत्रमाग कामगार भाड्याच्या खोल्या बदलतात, ऊसतोडीची कुटुंबं हंगाम संपला की गावाकडं जातात. म्हणून मूळ गावचा पत्ता आणि एखाद्या नातेवाइकाचा फोन पहिल्याच दिवशी घ्यावा. गृहभेटीला आईवडिलांची शिफ्ट विचारूनच जावं. शेजारी, शाळेत चौकशी करताना गुन्ह्याचा विषय काढू नये; मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. अहवालात ‘मुलगा चांगला आहे’ एवढंच लिहिलं तर मंडळाला काहीच उपयोग नाही. शाळा कधी सुटली, का सुटली, घरात कमावतं कोण, हे हवं.

प्रौढांना १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. कलम ४ चं बंधपत्र, म्हणजे शिक्षेऐवजी सोडताना घेतलेली चांगल्या वर्तनाची लेखी हमी, जास्तीत जास्त ३ वर्षांचं. देखरेखीचा आदेश झालाच तर तो किमान १ वर्षाचा. अट मोडली तर न्यायालयाला कळवायचं. पुढचा निर्णय त्यांचा.