‘बॉइज’च्या डोक्यावरचा कॉमा

शालेय गणवेशाच्या धंद्यातल्या एका सोलापूरकरांनी प्रश्न पाठवलाय. पाकिटांवर लावायच्या स्टिकरसाठी त्यांनी डीटीपीवाल्याला इंग्रजीत मजकूर दिला: बॉइज शर्ट, गर्ल्स ट्युनिक, मेन्स ट्रॅकपँट, लेडीज एप्रन आणि शेवटी टॉवेल्स. डीटीपीवाल्याने प्रत्येक ठिकाणी शेवटच्या एसच्या आधी वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, टाकून प्रूफ पाठवलं. ते प्रूफ हैदराबादच्या गिऱ्हाइकाला दाखवलं, तर त्याचं उत्तर आलं, ‘इंग्लिश बघून घ्या.’ काय बघायचं ते काही त्याने सांगितलं नाही. प्रश्नकर्ते विचारतात, ‘अपॉस्ट्रॉफी एस म्हणजे चा-ची-चे, असंच शाळेत शिकलो. बॉइज शर्ट म्हणजे मुलांचा शर्ट. मग कॉमा दिला तर बिघडलं कुठं?’ शिवाय दोन पुरवणी प्रश्न आहेत: ‘इट्स’ला हा वरचा कॉमा कधी द्यायचा, आणि यादीत ‘अँड’च्या आधी साधा कॉमा द्यायचा का?

इंग्रजी स्पेलिंगची चर्चा देवनागरीत करायची तर आधी एक सोय करून घेऊ. बॉय’ज लिहिलं तर चिन्ह एसच्या आधी, बॉयज’ लिहिलं तर एसच्या नंतर, आणि नुसतं बॉयज म्हणजे चिन्हच नाही.

चा-ची-चेचा नियम बरोबर आहे, फक्त तो अर्धाच लक्षात राहिलाय. मराठीत ‘मुलाचा शर्ट’ वेगळा आणि ‘मुलांचा शर्ट’ वेगळा. फरक एका टिंबाचा, पण मुलगा एक की पन्नास ते त्या टिंबावर ठरतं. इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. बॉय’ज शर्ट म्हणजे मुलाचा शर्ट, बॉयज’ शर्ट म्हणजे मुलांचा. आपला अनुस्वार निदान ऐकू तरी येतो. बॉय’ज, बॉयज’ आणि बॉयज ही तिन्ही रूपं मात्र कानाला अगदी सारखी. खुद्द इंग्रजालाही ऐकून फरक सांगता येणार नाही. हा सगळा कारभार कागदावरचा आहे, आणि म्हणून इंग्लंडातसुद्धा दुकानांच्या पाट्यांवर या चिन्हाचे हाल होत आलेत.

तुमच्या डीटीपीवाल्याने जे केलं त्याचा मराठी तर्जुमा ‘मुलाचा शर्ट, मुलीचं ट्युनिक’ असा होतो. पाकिटात शर्ट एकच आहे आणि तो एकच मुलगा घालणार, तेव्हा हेही चालेल, असं कोणी म्हणू शकेल. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण पाकिटावर आपण गिऱ्हाइकाचा वर्ग सांगत असतो. मराठी पाटीवरही ‘मुलांचे कपडे’च लिहितो, ‘मुलाचे कपडे’ लिहीत नाही. तेव्हा बॉयज’ आणि गर्ल्स’, चिन्ह एसच्या नंतर.

आता मेन्स. इथे डीटीपीवाला बरोबर निघाला, बहुधा योगायोगाने. ज्याची वस्तू त्याचा शब्द आधी पूर्ण लिहून टाकायचा, अनेकवचनासकट. मग त्याच्या शेपटाकडे बघायचं. अनेकवचनाचा एस तिथे आधीच असेल तर त्याच्यापुढे नुसतं चिन्ह. नसेल तर चिन्ह आणि त्यानंतर एस. मॅनचं अनेकवचन मेन, त्यात एस नाही, म्हणून मेन’स. तसंच विमेन’स, तसंच चिल्ड्रन’स. एस लिहून त्याच्यापुढे चिन्ह द्यायचा प्रकार या तिघांच्या बाबतीत कधीच बरोबर असू शकत नाही, कारण मेन्स किंवा चिल्ड्रन्स नावाचं अनेकवचन इंग्रजीत नाहीच. मुळात अनेक असलेल्या शब्दाला आणखी अनेक कुठून करणार?

लेडीजची गंमत याहून मोठी आहे. लेडी लिहिताना शेवटी वाय, आणि अनेकवचन करताना वाय जाऊन आय-ई-एस येतं. म्हणजे लेडीज एप्रन लिहायचं तर आय-ई-एस आणि त्यानंतर चिन्ह. डीटीपीवाल्याने शेवटच्या एसच्या आधी चिन्ह टाकलं, म्हणजे एल-ए-डी-आय-ई, मग चिन्ह, मग एस. आता यातली मालकीण शोधा. ‘एल-ए-डी-आय-ई’ असं स्पेलिंग असलेली कोणी बाई इंग्रजीत सापडायची नाही. हे रूप लेडीज टेलरांच्या पाट्यांवर इतक्या वेळा दिसतं की तेच बरोबर वाटायला लागतं. त्याला आपली मराठीही थोडी जबाबदार आहे. आपण लेडीज हा शब्द उचलला तोच मुळी एसासकट, अखंड. ‘दुकानात एक लेडीज आली होती’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो, तिला ‘लेडीजला’ असा प्रत्ययही लावतो. शूजचं तेच, चिप्सचं तेच. ज्या शब्दातला एस आपल्याला वेगळा दिसतच नाही, त्यात चिन्ह कुठे खुपसायचं हा प्रश्न पडणारच.

आणि टॉवेल्स. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला बहुतेक हाच खटकला असणार. टॉवेल’स म्हणजे ‘टॉवेलाचे’. टॉवेलाचे काय? काठ? दर? पुढे काहीच नाही. मालकी नाही तिथे चिन्हाला काम नाही, साधं अनेकवचन आहे, एस जोडा आणि सोडून द्या. सोलापुरात नवी पेठेतून चाटी गल्लीकडे जाताना नुसत्या पाट्या वाचत गेलात तरी साडी’ज, ड्रेस मटेरिअल’स, बेडशीट’स अशी रांग लागते. आमदारांच्या एमएलए’ज, बँकांच्या एटीएम’स, नव्वदच्या दशकासाठी १९९०’ज, ही सगळी त्याच कुळातली. आजच्या चालीने तिन्ही ठिकाणी चिन्ह नको.

याला इंग्लंडात ‘भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी’ म्हणतात, कारण तिथल्या भाजीच्या दुकानांत भावाच्या पाट्यांवर टोमॅटो, बनाना, पोटॅटो यांच्या अनेकवचनांना हे चिन्ह सर्रास लागतं. नावात एक तुच्छता आहे आणि ती मला पटत नाही. भाजीवाल्याच्या बाजूने इतिहास आहे. सतराव्या-अठराव्या शतकात ऑपेरा, कॉमा यांसारख्या स्वरान्त परक्या शब्दांचं अनेकवचन चिन्ह देऊनच करायचे, आणि ते शिकल्यासवरल्यांचं लिहिणं होतं. त्या काळात चाटी गल्लीतला साडी’ज खपून गेला असता. आज मात्र खपत नाही. भाषेत जुना दाखला असणं वेगळं आणि आजची चाल वेगळी. गिऱ्हाइकाला माल पाठवायचा आहे तो आजच्या चालीनेच.

हे चिन्ह इंग्रजीत मालकी दाखवायला आलंच नव्हतं. सोळाव्या शतकात फ्रेंचांच्या अनुकरणाने ते आलं, गळालेल्या अक्षराची जागा दाखवायला. डोन्टमध्ये नॉटचा ओ गळालाय, तिथे ते आजही तेच काम करतं. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये, ‘सोऽहम्’मधला अवग्रह नेमका याचसाठी आहे: सः आणि अहम् जोडताना अहम् मधला अ गेला, त्याची खूण. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीचा प्रत्यय ‘ई-एस’ असा लागायचा. पुढे त्यातला ई बोलण्यातून गळाला, त्याच्या जागी चिन्ह आलं आणि हळूहळू तेच मालकीची खूण म्हणून रूढ झालं. अनेकवचनाच्या एसनंतर ते द्यायची रीत तर बरीच उशिरा स्थिरावली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीला इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं लावून दिली तेव्हा स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह आपल्याकडे रुजले; अपॉस्ट्रॉफी काही रुजला नाही. षष्ठीसाठी आपल्याकडे अख्खा प्रत्यय होता, गरज कोणाला होती?

आता धंद्याच्या सोयीचं बोलू. बॉयज, गर्ल्स, लेडीज, किड्स या शब्दांना चिन्ह दिलंच नाही तरी चालतं. मग ते मालकी न दाखवता विशेषणासारखे बसतात, जसं आपण ‘मुलांचा विभाग’ न म्हणता ‘बाल विभाग’ म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेतही असं चिन्हाविना लिहिणं भरपूर दिसतं. लंडनचं हॅरॉड्स चिन्हाविना आहे. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२मध्ये नावातलं चिन्ह काढून टाकलं, त्यावर थोडा आरडाओरडा झाला आणि विझला. उलट मॅकडोनल्ड’स, लेव्हाय’ज आणि आपल्याकडचं हल्दीराम’स यांनी ते जपलंय. दुकानाचं नाव हा मालकाचा मामला आहे. पण मेन, विमेन, चिल्ड्रन यांना ही सवलत नाही. तिथे एस फक्त मालकीचाच असू शकतो, म्हणून चिन्ह हवंच. अमेरिकी दुकानांत चिन्हाविना मेन्स दिसतं हे खरं, जाणकार मात्र त्यावर नाक मुरडतात.

टॉवेलावर भरतकामाने अक्षरं काढणार असाल तर हा विचार आणखी उपयोगी. टेरी टॉवेलाला अंगभर सुताचे फासे असतात. एवढंसं चिन्ह दोन-चार टाक्यांत भरलं तर ते फाशांत बुडतं, नाहीतर वर सुताची गाठ आल्यासारखं दिसतं. तिथे विमेन’सऐवजी लेडीज भरा, चिन्हाचा प्रश्नच मिटला.

चा-ची-चे आणखी एका ठिकाणी फसवतं. ‘सोलापूरची चादर’ म्हणून इंग्रजीत सोलापूर’स चद्दर लिहू नका. गाव, कापड, टेबल अशा निर्जीव गोष्टींची षष्ठी इंग्रजी बहुतेकदा नुसते शब्द शेजारी ठेवून भागवते. भौगोलिक मानांकनातही चादर आणि टेरी टॉवेल यांच्या नावात सोलापूरपुढे चिन्ह नाही. काळाच्या बाबतीत मात्र चा छान चालतो: आजचा पेपर टुडे’ज, आणि दोन आठवड्यांची रजा लिहिताना ‘आठवड्यांची’तलं टिंब आठवून चिन्ह एसनंतर.

कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो, फ्लॅटच्या दारावर ‘द बिराजदार’स’ अशी पाटी लावायची फॅशन आलीय. सगळे बिराजदार असं म्हणायचं असेल तर चिन्ह नको. बिराजदारांचं घर असं म्हणायचं असेल तर चिन्ह एसच्या नंतर. एसच्या आधी दिलं की घरात एकच बिराजदार उरतात, आणि बाकीच्यांनी जायचं कुठं?

इट्सचं उत्तर छोटं आहे. ‘त्याचा’ म्हणायचं असेल तर चिन्ह नाही. ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणायचं असेल तर चिन्ह. चा असूनही चिन्ह नाही हे विचित्र वाटतं, पण हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांतही ते नाही. सर्वनामांची मालकीची रूपं तयारच येतात, जशी आपली माझा-तुझा येतात. ‘मीचा’ कोणी म्हणत नाही. तरीही गोंधळ होत असेल तर मनाला लावून घेऊ नका. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात राज्यांच्या तपासणी कायद्यांच्या कलमात ‘त्याचे’ या अर्थी चिन्हासकट इट’स लिहिलेलं आहे. तेव्हा ती चूकही मानली जात नव्हती.

राहिला अँडच्या आधीचा कॉमा. मराठीत ‘शर्ट, पँट आणि टाय’ लिहिताना ‘आणि’च्या आधी आपण स्वल्पविराम देत नाही. ब्रिटिश वर्तमानपत्रंही सहसा देत नाहीत. ऑक्सफर्डच्या छापखान्याची रीत द्यायची, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकी पुस्तकांतही तो असतो. दोन्ही चालतात, एक धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मात्र अर्थ दुभंगत असेल तिथे द्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्यांना जादा मजुरी नाही अशा कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ (शिपमेंट म्हणजे रवानगी, डिस्ट्रिब्यूशन म्हणजे वितरण) असे शब्द होते आणि ऑरच्या आधी कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, इथे वितरण हे वेगळं काम नाही, वितरणासाठीचं पॅकिंग एवढाच अर्थ निघतो. आम्ही पॅकिंग करत नाही, तेव्हा जादा मजुरी द्या. २०१७मध्ये अपील न्यायालयाचा निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

तुमच्या स्टिकरवर अशी वेळ येणार नाही. कापडाचा तपशील टक्क्यांनी लिहा, ६५% पॉलिएस्टर, ३५% व्हिस्कोज, मधे एक कॉमा, आणि अँड घालूच नका. बाकी ओळी अशा द्या: बॉयज आणि गर्ल्स चिन्हाविना, लेडीजही चिन्हाविना आय-ई-एस लावून, मेन’स चिन्हासकट, टॉवेल्स चिन्हाविना. डीटीपीवाल्याला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. फोनवर बॉयज आणि बॉय’ज त्याला एकच ऐकू येणार.