जुन्या बोटीचा डॅशबोर्ड बदलायला ठेव मोडू का?

प्रश्न : तापीवरच्या प्रकाशा बॅरेजच्या फुगवट्यात माझी 2011 ची फायबर बोट प्रवासी घेऊन चालते. इंजिन डिझेल, जुन्या पद्धतीचं, मेकॅनिकल पंपाचं. डॅशबोर्ड उन्हानं तडकलाय, डिझेलचा काटा हलत नाही, हॉर्न दाबला की टेंपरेचरचा काटा उडतो, आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर) बंद आहे. सुरतच्या दुकानदारानं सात इंची डिजिटल स्क्रीनचं 85 हजारांचं कोटेशन दिलंय. सेंडर (टाकीत आणि इंजिनावर बसून मीटरला माहिती पाठवणारे भाग) आणि वायरिंग आहे तेच राहील म्हणतो. बँकेत 1,40,000 ची ठेव आहे, दुसरी शिल्लक नाही. घरखर्च महिना 18 हजार. हंगामात सगळं भागून महिन्याला 9 हजार उरतात, पावसाळ्याचे चार महिने बोट बंद. ठेव मोडू का?

उत्तर : भाऊ, ठेव मोडू नका आणि ती स्क्रीनही घेऊ नका. मीटर मात्र या पावसाळ्यात नीट करूनच घ्या.

आधी पैशाचं बघू. 85 हजार काढले की ठेवीत 55 हजार राहतात. बंद काळाचा घरखर्च चार महिन्यांचा 72 हजार. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत 17 हजारांची उसनवारी, आणि मुदतीआधी ठेव मोडल्याचा व्याजातला फटका वेगळा. सोनं गहाण ठेवून काढलं तरी हप्ता याच 9 हजारांतून जाणार. शिवाय स्क्रीन लावल्यानं तिकीट वाढत नाही. उद्या बोट विकायची वेळ आली तर घेणारा आधी इंजिन आणि तळ तपासेल.

दुसरं कारण तुमच्या कोटेशनमध्येच आहे. तुमचं इंजिन स्वतःहून डिजिटल माहिती देत नाही. जुने सेंडर जे सांगतील तेच कन्व्हर्टर (सेंडरची माहिती डिजिटल करणारा डबा) स्क्रीनवर दाखवणार. सेंडर खराब तर आकडाही खोटाच, फक्त मोठ्या अक्षरांत. आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन उघड्या बोटीवरच्या स्क्रीनला सोसवेल असं धरून चालू नका.

तुम्ही सांगितलेली लक्षणं बघता बिघाड बहुतेक मीटरच्या मागे आहे. हॉर्न दाबल्यावर काटा उडतो म्हणजे हॉर्न आणि मीटर दोघांचा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) एकच आहे आणि तो गंजलाय. डॅशबोर्डमागून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती जाड वायर जोडा आणि पुन्हा हॉर्न दाबा. काटा थांबला तर मीटर चांगला आहे.

डिझेलच्या मीटरसाठी स्विच बंद करून सेंडरची वायर सोडवा. मल्टिमीटर 2000 ओमच्या रेंजवर ठेवा, कारण 200 च्या रेंजवर रिकाम्या टाकीचं रीडिंग बसणार नाही. अमेरिकन पद्धतीचा सेंडर टाकी रिकामी असताना सुमारे 240 ओम आणि भरलेली असताना 33 ओम दाखवतो. युरोपियन रिकामीला 10 आणि भरलेलीला 180. मीटर एका जातीचा आणि सेंडर दुसऱ्या जातीचा बसवला की रिकामी टाकी भरलेली दिसते, आणि बोट मधल्या पाण्यात बंद पडते. म्हणून दोन्ही एकाच जोडीचे घ्या. आरपीएम बंद असेल तर अल्टरनेटरच्या (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) ‘डब्ल्यू’ टर्मिनलची, म्हणजे आरपीएम मीटरला सिग्नल देणाऱ्या टोकाची, वायर आणि पट्ट्याचा ताण आधी बघा. नवा आरपीएम मीटर घेतलाच, तर मागचं सेटिंग अल्टरनेटरच्या पोलनुसार जुळवावं लागतं. नाहीतर आकडा कायम चुकीचा येतो.

तपासणीनंतर खर्चाला ही मर्यादा घाला: काट्याचे चार मीटर जुळत्या सेंडरसह 12 हजार, टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर, फ्यूज बॉक्स आणि लग (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या) 4 हजार, डॅशबोर्डची नवी पाटी कापून घ्यायला अडीच हजार, वायरमनची मजुरी 3 हजार, बझर 500. एकूण 22 हजार. चारही मीटर चांगले निघाले तर यातलेही बरेच वाचतील. नदीचं पाणी गोडं आहे, समुद्राच्या दर्जाचं महागडं सामान लागत नाही. छोट्या मीटरचं भोक साधारण 52 मिलिमीटरचं असतं. मीटर हातात आल्याशिवाय पाटी कापू नका.

बझरवर काटकसर करू नका. ऑइल प्रेशर उतरलं किंवा पाणी तापलं की तो वाजला पाहिजे. इंजिन थंड करायला पाणी ओढणाऱ्या तोंडाला, इनटेकला, जलपर्णी अडकली की इंजिन बघता बघता तापतं, आणि त्या वेळी तुमचं लक्ष काठावर असतं, काट्यावर नसतं. इंजिन जाम झालं तर त्याचं बिल स्क्रीनपेक्षाही मोठं येऊ शकतं.

वायरमनला एक गोष्ट बजावून सांगा: एकाच वायरच्या टेंपरेचर आणि ऑइल सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. त्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. टेपनं तो तुटला की नवा मीटरही चुकीचं दाखवतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची.

22 हजार हंगामातल्या अडीच महिन्यांच्या बचतीत भागतात. सामान एप्रिल-मेपर्यंत थोडं थोडं घ्या आणि बोट बंद झाली की जूनमध्ये बसवा. त्याआधीच मीटर पार बंद पडले तर ठेवीवर कर्ज घ्या. त्याचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण 1 ते 2 टक्केच जास्त असतो आणि ठेव शाबूत राहते.

पावसाळ्याचे 72 हजार बाजूला काढल्यावर ठेवीत 68 हजार उरतात. त्यावर पहिला हक्क सर्व्हे (बोटीची सरकारी तपासणी) आणि विम्याचा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्व्हे प्रमाणपत्र आणि विमा लागतो. यातल्या एखाद्या कागदाची मुदत संपली असेल तर आधी तो करून घ्या, मीटर नंतर.